नाशिकचा पाणकाठ: एकाच फेरीत पक्षी आणि कीटक कसे पाहावेत

नाशिक जिल्ह्याला समुद्र लाभलेला नाही. मात्र समुद्रकिनाऱ्यावर निरीक्षक ज्या गोष्टीच्या शोधात असतो ती, म्हणजे पाणी, चिखल, गवत आणि कोरडी जमीन एकमेकांना भिडतात तो चिंचोळा पट्टा, गोदावरीने येथे भरपूर दिलेली आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा बांधण्यात आला. त्याच्या फुगवट्यात गाळ साचत गेला, उथळ डबकी, बेटे आणि पाणवनस्पतींचे दाट पट्टे तयार झाले, आणि पाटपाण्यासाठी केलेले बांधकाम पक्ष्यांचे हक्काचे ठिकाण होऊन बसले. नांदूरमध्यमेश्वरला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झाले. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर पाणथळ जागा. लोणार सरोवर आणि ठाणे खाडी यांचा समावेश त्यानंतर झाला.

येथे येणारे बहुतेक जण मनोऱ्यावरून दूरच्या बदकांची छायाचित्रे काढतात आणि नऊ-साडेनऊला ऊन चढू लागले की परत फिरतात. माझ्या मते हे अर्धेच निरीक्षण झाले, कारण त्याच वेळी कीटकांचा दिवस सुरू होतो आणि पक्षी एखाद्या जागी का बसले होते याचा उलगडाही तेव्हाच होऊ लागतो. म्हणून या लेखात सुचवलेली पद्धत साधी आहे: काठाचा एकच छोटा टप्पा निवडावा, जाताना पक्षी पाहावेत आणि त्याच वाटेने परत येताना कीटक पाहावेत.

जागा आणि अंतर

पहिल्या फेरीसाठी चापडगावची बाजू निवडावी. नाशिकपासून ती साधारण चाळीस किलोमीटरवर आहे आणि चांदोरी–सायखेडा मार्गे तेथे पोहोचता येते. वन विभागाचे निरीक्षण मनोरे तेथे आहेत आणि स्थानिक गाईडही मिळतात. गाईड अवश्य घ्यावा. त्याच्याकडील मोठी, तिपाईवरची दुर्बीण हे एक कारण झाले. पण आदल्या दिवशी पक्षी कोणत्या बाजूला होते हे त्याला ठाऊक असते, ही त्याहून मोलाची गोष्ट आहे.

शहराबाहेर जाणे जमत नसेल तर गंगापूर धरणाचा फुगवटा किंवा सोमेश्वर–आनंदवलीकडचा गोदाकाठ चालेल. गंगापूरचे पाणी खोल असल्यामुळे चिखलात चरणारे पक्षी तेथे तुलनेने कमी दिसतात आणि पाणकावळे, टिबुकल्या अधिक. सोमेश्वरच्या खडकाळ, वाहत्या पाण्यावर धोबी आणि खंड्या चांगले दिसतात. जागा कोणतीही असो, अंतर एक ते दीड किलोमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. तीन-चार तासांत एवढेच अंतर नीट पाहून होते. पाच किलोमीटर चालणारा माणूस पाच किलोमीटर चालतो, एवढेच.

पाण्याचे वेळापत्रक

समुद्रकाठी निरीक्षक प्रथम भरती-ओहोटीचा तक्ता पाहतो, कारण ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर पक्षी चरायला उतरतात आणि भरतीच्या वेळी ते उंचवट्यांवर गोळा होतात. नाशिककराने त्याऐवजी पाटबंधाऱ्यांच्या आवर्तनाची, म्हणजे धरणांतून पाणी कधी सोडले जाणार याची, चौकशी करावी. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी नांदूरमध्यमेश्वरला येते आणि तेथून गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांत जाते. त्यामुळे येथील पातळी पावसाळा संपल्यानंतरही खाली-वर होत राहते. पातळी उतरली की काठाचा चिखल उघडा पडतो आणि तुतारी, चिखले, शेकाटे जवळ येतात. पाणी वाढले की हेच पक्षी पांगतात आणि बदके मधल्या भागात पसरतात. मागच्या रविवारी एखाद्याने तुमच्या ओळखीच्या जागी शंभर शेकाटे पाहिले आणि तुम्हाला एकही दिसला नाही, तर प्रथम पाण्याच्या पातळीचा विचार करावा.

ऋतूंचे गणित याहून सोपे आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत स्थलांतरित पक्ष्यांचा काळ, त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत भरीव. जून ते सप्टेंबर हा कीटकांचा आणि स्थानिक पक्ष्यांच्या विणीचा काळ. तेव्हा सुगरणीची घरटी विणली जात असतात आणि कमळपक्षी पाणवेलींवर अंडी घालतात. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत हव्या असतील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर गाठावा. याच दिवसांत, ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो: ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अली यांचा जन्मदिवस.

सामान

दुर्बीण ८×४२ किंवा त्याच्या आसपासची असावी. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. जास्त पटीची दुर्बीण हातात हलते आणि नवख्याला पक्षी सापडतच नाही, म्हणून बारा किंवा सोळा पटीच्या मोहात पडू नये. विकत घेताना ती किती जवळची वस्तू स्पष्ट दाखवते हे विचारावे. दोन मीटरवरचे दिसत असेल तर तीच दुर्बीण चतुर आणि फुलपाखरांसाठी उपयोगी पडते.

दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेण्याचे काम घरीच करावे. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी एखादी स्थिर पाटी स्पष्ट करावी. मग डावा डोळा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरील कडे फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. ही जुळवणी लक्षात ठेवली की प्रत्यक्ष निरीक्षणात केवळ मधले चाक फिरवावे लागते. चष्मा असेल तर डोळ्यांजवळील रबरी कडा खाली मुडपाव्यात. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी; दुर्बीण लावून मग शोधू लागणाऱ्याला आकाशच दिसते.

कीटकांसाठी दहा पटीचे छोटे भिंग आणि एक पांढरी उथळ बशी पुरेशी आहे. भिंग विसरले तर दुर्बीण उलटी धरून, एरवी डोळ्याला लावतो त्या छोट्या भिंगासमोर अगदी लागून पान किंवा कात धरावी आणि पुढच्या मोठ्या भिंगातून पाहावे. तीच मोठी दिसते. याशिवाय वही, पेन्सिल, पाणी, टोपी आणि मळकट हिरवे किंवा खाकी कपडे. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात नीचांकी म्हणून बातम्यांत येतो, तेव्हा स्वेटर आणि हातमोजे घेतल्याशिवाय पहाटे निघू नये. गारठलेल्या बोटांनी दुर्बिणीचे चाक फिरत नाही.

जाताना: पक्षी

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी थोडा वेळ ठरलेल्या जागी पोहोचावे. मात्र या भागात उसाची शेते आहेत आणि उसात बिबट्या असतो. अंधारात उसाच्या बांधावरून एकट्याने चालू नये, गाडी रस्त्यावर उभी करून उजाडेपर्यंत थांबावे आणि सोबतीने निघावे.

उभे राहण्याची जागा निवडताना सूर्य पाठीशी ठेवावा. सूर्य समोर असेल तर पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळी आकृती होतो आणि ओळख पटवण्यासाठी लागणारे रंग हरवतात. जागा बदलता येत नसेल तर त्या दिशेचे पक्षी केवळ आकारावरून पाहावेत, रंगाविषयी वहीत काही लिहू नये.

पहिली पंधरा मिनिटे कोणताही पक्षी ओळखण्याचा प्रयत्न करू नये. त्याऐवजी समोरच्या दृश्याचे पाण्याच्या खोलीप्रमाणे मनात पट्टे पाडावेत. आपल्या पायाजवळ कोरडा बांध, त्यापुढे गवत, मग ओला चिखल, घोट्याएवढे पाणी, गुडघ्याएवढे पाणी, पाणवेली आणि शेवटी उघडे खोल पाणी. आता प्रत्येक पट्ट्यात कोण आहे ते पाहावे. चिखलावर टिटवी, धोबी आणि कंठेरी चिखल्या; तेथेच पाण्याच्या कडेने शेपटीकडचा भाग सतत वर-खाली करीत फिरणारी छोटी तुतारी. घोट्याएवढ्या पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे. त्याहून खोल पाण्यात राखी बगळा, चोच अर्धवट उघडी ठेवून ती पाण्यात उजवी-डावीकडे फिरवणारा चमचा, आणि ज्या वर्षी आले असतील त्या वर्षी रोहित. पाणवेलींवर लांब बोटांचे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या. उघड्या पाण्यावर बदके, पाणकावळे, टिबुकल्या. पायांची आणि चोचीची लांबी पाण्याच्या खोलीशी कशी जुळते हे एकदा लक्षात आले की अनोळखी पक्ष्याची निम्मी ओळख त्याच्या जागेवरूनच होते. मुग्धबलाक या करकोच्याच्या चोचीतील फट हेही असेच जागेशी निगडित साधन आहे. त्याचे मुख्य खाद्य पाण्यातल्या गोगलगाई.

ओळखीचा क्रम मी असा सुचवेन: प्रथम आकार, मग चोच, मग वागणूक आणि सर्वांत शेवटी रंग. आकारासाठी चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार हीच मापे वापरावीत. “साळुंकीपेक्षा थोडा लहान” ही नोंद “लहान पक्षी” यापेक्षा कितीतरी उपयोगाची असते. रंग शेवटी ठेवण्याचे कारण बदके देतात. उत्तरेकडून ऑक्टोबरमध्ये येणारे अनेक नर विणीनंतर पिसे बदललेल्या अवस्थेत असतात आणि मादीसारखेच तपकिरी दिसतात. त्या दिवसांत भुवई बदकाची पांढरी भुवई शोधणारा निराश होतो; फेब्रुवारीत तोच नर ओळखायला एक क्षण लागत नाही. थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच आणि तलवार बदकाची लांब मान मात्र कोणत्याही महिन्यात फसवत नाहीत.

कमळपक्ष्याचेही तसेच. त्याची लांब, बाकदार काळी शेपटी पावसाळ्यातील विणीच्या काळातच असते. हिवाळ्यात ती नसते, आणि अनेक जण त्याच पक्ष्याला नवा समजून दुसरे नाव लिहितात. या पक्ष्यांत अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो, मादी एकापाठोपाठ अनेक नरांसाठी अंडी घालू शकते; ऑगस्टमध्ये पाणवेलींवर पिल्लांसोबत मोठा पक्षी दिसला तर तो नर आहे असे समजायला हरकत नाही.

बदकांच्या थव्यात काळाकभिन्न, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दिसेल. तो चांदवा, काही ठिकाणी त्याला वारकरीही म्हणतात. तो बदकांत वावरत असला तरी बदक नाही. त्याच्या पायाच्या बोटांना पाळीसारखे पडदे असतात आणि पोहताना तो डोके पुढे-मागे करतो. मोठ्या पक्ष्यांत पट्टकदंब हा हंसकुळातला पाहुणा चुकवू नये: पांढऱ्या डोक्यावर दोन आडव्या काळ्या पट्ट्या. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावर वीण करणारे हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. येथे ते अनेकदा शेतांत चरताना दिसतात, त्यामुळे नजर पाण्यापुरती ठेवू नये. जोडीने बसलेला केशरी-तपकिरी चक्रवाकही बहुधा काठाच्या कोरड्या भागावरच सापडतो.

सगळा थवा एकदम उडाला तर बदकांकडे पाहण्याऐवजी त्यांच्या वरच्या आकाशात पाहावे. दलदली भोवत्या किंवा कैकर तेथे असण्याची शक्यता मोठी असते. भोवत्या गवताच्या थोड्याच उंचीवरून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून तरंगतो. कैकर पाण्यावर घिरट्या घालून पाय पुढे करून सूर मारते आणि मासा घेऊन उठते.

मोजणीसाठी एक एक पक्षी मोजत बसू नये. थव्यातील दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेचा आकार डोळ्यांत बसवावा आणि तो थव्यावर किती वेळा बसतो ते पाहावे. मोठ्या थव्यात हेच पन्नास किंवा शंभरच्या मापाने करावे. उडत्या थव्यापेक्षा बसलेला थवा मोजावा, आणि शक्यतो दोघांनी वेगवेगळा मोजून मग आकडे ताडून पाहावेत.

परतताना: कीटक

नऊच्या पुढे ऊन तापू लागले की त्याच वाटेने परत फिरावे. आता नजर पन्नास मीटरवरून दोन मीटरवर आणायची आहे आणि चाल आणखी मंद करायची आहे. कीटकांना स्वतःचे शरीर तापवण्यासाठी ऊन लागते. पहाटे गवतावर दव धरून निश्चल बसलेला चतुर दहा वाजता हातालाही लागत नाही. छायाचित्र हवे असेल तर तो पहाटेचाच काळ उत्तम, वागणूक पाहायची असेल तर नऊ ते अकरा.

सुरुवात चतुर आणि टाचण्यांपासून करावी, कारण हे मोठे आहेत, पाण्याशी बांधलेले आहेत आणि दुर्बिणीतून दिसतात. बसल्यावर पंख दोन्ही बाजूंना पसरलेले आणि डोळे एकमेकांना भिडलेले किंवा अगदी जवळ असतील तर तो बहुधा चतुर. अंग सुईसारखे बारीक, डोळे दोन टोकांना आणि पंख पाठीवर मिटलेले असतील तर टाचणी. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, म्हणून डोळ्यांमधील अंतर हीच खात्रीची खूण धरावी.

अनेक चतुर एकाच काडीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतात. एखादा उडाला तर त्याच्या मागे धावू नये; त्या काडीपासून दीड-दोन मीटरवर, आपली सावली तिच्यावर पडणार नाही अशा बेताने खाली बसावे. तो थोड्याच वेळात परत येतो. ऊन फार झाले की त्यातील काही शेपटाकडचा भाग थेट सूर्याकडे उंच करतात, त्यामुळे अंगावर पडणारे ऊन कमी होते. दोन चतुर जोडीने उडत असतील आणि मादी पाण्याला शेपूट टेकवत जात असेल तर ती अंडी घालत आहे. ती अंडी फुटून निघालेली अळी पाण्यात राहते, डासांच्या अळ्यांसह बरेच काही खाते आणि शेवटी एखाद्या काडीवर चढून कात टाकते. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या बोरूच्या काड्यांवर या रिकाम्या, तपकिरी काती शोधाव्यात. चतुर येथेच वाढला याचा तो पक्का पुरावा असतो; उडणारा चतुर कोठूनही आलेला असू शकतो.

हे “कोठूनही” किती लांबचे असू शकते हे एका पिवळसर चतुराने दाखवले आहे. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना मैदानांवर, शेतांवर, अगदी शहरातील वाहनतळांवरही न बसता थव्यांनी तरंगणारा पँटाला फ्लॅवेसेन्स नाशिककरांनी पाहिलेला आहे, नाव माहीत नसले तरी. हा पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत काही आठवड्यांत वाढतो आणि डबके आटण्यापूर्वी उडून जातो. मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असे मांडले की हे चतुर भारतातून हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. ऑक्टोबरच्या वहीत त्यांच्या थव्यांची तारीख, वाऱ्याची दिशा आणि थवा कोणत्या दिशेने सरकत होता एवढे अवश्य लिहावे.

शांत पाण्याच्या कोपऱ्यात लांब पायांनी पृष्ठभागावर घसरत फिरणारे किडे दिसतील. त्यांच्या पायांखाली पाण्याला पडलेले बारीक खळगे आणि तळावर पडलेल्या गोल सावल्या पाहाव्यात. पृष्ठताणाचा धडा मुलांना याहून चांगला शिकवता येत नाही. बशीने काठचे थोडे पाणी आणि गाळ उचलून पांढऱ्या पृष्ठभागावर दोन मिनिटे स्थिर होऊ द्यावा. तीन शेपट्यांच्या, पोटाच्या कडेला हलणाऱ्या कल्ल्यांच्या अळ्या आढळल्या तर पाण्यात प्राणवायू बऱ्यापैकी आहे असे समजावे. केवळ लाल, दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्याच असतील तर पाणी सांडपाण्याने बिघडलेले असण्याची शक्यता अधिक. शहरातील गोदाकाठ आणि गंगापूरचा काठ यांची अशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. पाहून झाले की बशीतले पाणी जेथून घेतले तेथेच सोडावे.

ओल्या चिखलावर फुलपाखरे दाटीने बसलेली दिसतात. ती तहानलेली नसतात. चिखलातील क्षार, विशेषतः सोडियम, शोषण्यासाठी आलेले हे बहुतेक नर असतात. बांधावरच्या रुईची पाने उलटून पाहिली तर प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडू शकते. रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे, त्यामुळे पान तोडू नये आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये. बांधाच्या भिंतीवर मातीची छोटी सुरई चिकटवलेली दिसली तर ती कुंभारीण माशीची. आत तिने अंड्यासाठी बधिर केलेल्या अळ्या साठवलेल्या असतात.

आणि आता सकाळचे पक्षी पुन्हा आठवावेत. तारेवरचा वेडा राघू उडून मधमाशी पकडतो आणि परत तारेवर येऊन ती आपटतो, कारण नांगी काढून टाकायची असते. भिंगऱ्या पाण्यालगत का उडत होत्या, धोबी म्हशींच्या पायांत का घुटमळत होते, हे आता समोर उडणाऱ्या माश्या-चिलटांवरून कळते. वहीत पक्ष्याच्या नावापुढे “काय खात होता” हा रकाना आखून ठेवावा. पहिल्या काही फेऱ्यांत तो बहुतेक रिकामा राहील, तरी आखावा.

नोंद

प्रत्येक फेरीत तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, चाललेले अंतर, ढग, वारा आणि पाण्याची पातळी लिहावी. पातळीसाठी एखादा ठळक दगड किंवा मनोऱ्याचा खांब खूण म्हणून ठरवावा. पक्ष्यांची यादी ई-बर्ड या आणि कीटकांची छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या निरीक्षणे नोंदवण्याच्या संकेतस्थळांवर टाकता येतात. ई-बर्डवर “दिसलेले सर्व पक्षी नोंदवले” असे सांगायचे असेल तर कावळे, कबुतरे आणि साळुंक्याही लिहाव्या लागतात. कीटकाचे छायाचित्र वरून, बाजूने आणि शक्य असल्यास चेहऱ्याकडून असे तिन्ही घ्यावे. पुष्कळ जाती एका छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत. तरीही ओळख पटली नाही तर “टाचणी, निळी, अनोळखी” असे लिहावे आणि नाव अंदाजाने टाकू नये.

काही बंधने

पक्ष्याला जवळ आणण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर आपण तिच्या उघड्यावरील अंड्यांजवळ आहोत, असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. अभयारण्यात ड्रोन उडवू नये आणि कीटक पकडून डबीत भरू नयेत. काठावरचा चिखल वरून कोरडा दिसला तरी आत दलदल असू शकते, म्हणून काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नये. गवतात सापांपासून बचावासाठी घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पावसाळ्यात गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग सुरू असताना गोदाकाठावर उतरूच नये. सायखेडा-चांदोरीच्या लोकांनी हे पाणी घरात शिरलेले पाहिले आहे.

संक्रांतीनंतरच्या फेरीत खिशात छोटी कात्री ठेवावी. झाडांवर आणि तारांवर लटकणाऱ्या नायलॉन मांज्यात बगळे व घारी अडकतात. हाताला येईल तेवढा मांजा कापून, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकावा. विजेच्या तारेवरचा मात्र स्वतः काढू नये, महावितरणला कळवावे. अडकलेला पक्षी दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि मदत येईपर्यंत त्याच्यावर सुती कापड टाकून अंधार करावा. पाणी पाजू नये.